पहिली गाडी गेली का?

पहाटे पावणेचारला अण्णा उठले. अंधारात भिंत चाचपत त्यांनी खुंटी शोधली. खाकी शर्ट हाताला लागला नाही, तेव्हा तसेच लुंगीवर दाराकडे निघाले. दाराची कडी आता वर, त्यांचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर बसवली आहे. ते खालीच कडी शोधत राहिले.

"पहिली गाडी गेली का?"

काकू खाली सतरंजीवर आडव्या झाल्या होत्या. डोळा काही लागला नव्हता. "आज वीकली हाय तुमचा," त्या पडल्या पडल्या म्हणाल्या. "ड्यूटी न्हाई."

वीकली म्हटल्यावर अण्णांचे खांदे सैल पडले. ते खाटेवर येऊन बसले. वीस मिनिटांनी पुन्हा उठले, पुन्हा खुंटी, पुन्हा दार. उजाडेपर्यंत मी हे पाच वेळा पाहिलं. काकूंनी पाचही वेळा त्याच आवाजात, जराही न चिडता, वीकली असल्याचं सांगितलं.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. कराड आगारात तीस वर्षं नोकरी झाली. कुंभार्ली घाटातून चिपळूण, ढेबेवाडीची मुक्कामी, सगळे रस्ते केले. आता वय ७६. सहा वर्षांपूर्वी बाजारातून घरी यायचा रस्ता चुकले, तिथून हे सुरू झालं. घरच्यांनी नावं न छापण्याच्या अटीवर मला दार उघडलं, म्हणून इथे ते फक्त अण्णा आणि काकू.

यंदाच्या अंकाचा विषय 'हिशेब' आहे असं संपादकांनी कळवलं. घरात डिमेन्शियाचा माणूस असला तर पैसा कुठून येतो, सरकारी आरोग्य विमा त्यातलं किती उचलतो, ते जाऊन बघा म्हणाले. मी योजनांची माहिती गोळा करून कराडला गेले होते. काकू म्हणाल्या, "दिवसा येऊन काय कळणार? रातचं ऱ्हावा." म्हणून राहिले.

कॅलेंडरची मागची बाजू

काकूंचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो. दुधाचा रतीब पुढच्या बाजूला, तारखेच्या चौकोनात. अण्णांचा खर्च मागे, पेन्सिलीने.

दिवसा बारा तास एक मावशी येतात. अंघोळ, जेवण भरवणं, फिरवून आणणं, कपडे बदलणं. महिन्याला १२ हजार. डायपर दोन हजार सातशे. गोळ्या साडेचौदाशे. म्हणजे १६ हजार १५० रुपये, आणि यात अण्णांचं खाणंपिणं, कपडे धुण्याची पावडर, दवाखान्याला जायची रिक्षा धरलेली नाही. अण्णांना भविष्य निर्वाह निधीची पेन्शन येते ती दोन हजार ८४०. एसटीतून निवृत्त झालेल्यांची पेन्शन अशीच असते, सरकारी कर्मचाऱ्यांसारखी नव्हे. उरलेले पैसे चाकणच्या कारखान्यात नोकरी करणारा मुलगा पाठवतो. त्यासाठी तो ओव्हरटाइम करतो, आणि म्हणून घरी यायला त्याला सवड मिळत नाही.

मी विचारलं, रात्रीचं काय?

"रातच्याला मीच," काकू म्हणाल्या. रात्रीची बाई वेगळी लावायची तर आणखी १२–१३ हजार. ते जमण्यातलं नव्हतं. काकूंचं वय ७१, गुडघे गेलेले, रक्तदाबाची गोळी चालू. कॅलेंडरवर रात्रीच्या बारा तासांपुढे काहीच लिहिलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालासाठी डिमेन्शियाचा जगभरचा खर्च १.३ लाख कोटी डॉलर काढला. त्यातला निम्मा वाटा घरच्यांनी विनामोबदला केलेल्या काळजीचा आहे, आणि तिचे ७० टक्के तास बायकांचे आहेत. संघटनेने हे तास तरी मोजले. आपल्याकडे ते कुठल्याच वहीत चढत नाहीत.

श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार मिळाले असते तर डायपरचा निम्म्याहून जास्त खर्च निघाला असता. पण त्या योजनेची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार रुपये आहे. अण्णांची नुसती पेन्शनच वर्षाला ३४ हजार होते. तीस वर्षं तिकिटं फाडून मिळवलेली ही पेन्शन इतकी थोडी आहे की तिच्यात भागत नाही, आणि इतकी 'जास्त' आहे की दुसरं काही मिळत नाही.

हाड मोडलं की कार्ड चालतं

देवघराशेजारच्या फळीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत अण्णांचं आयुष्मान कार्ड आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री जन आरोग्य योजना ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना खुली केली, उत्पन्नाची अट न ठेवता. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार, नाव 'वय वंदना'. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आधीपासून होतीच. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी म्हणून ती सुरू झाली, पुढे राज्यभर गेली, नाव बदललं, आणि जुलै २०२४ पासून तिचं संरक्षणही पाच लाखांचं झालं. हे सगळं खरं आहे आणि मोठं आहे. ज्या घरात बायपास म्हटलं की जमीन विकायची भाषा व्हायची, तिथे आज माणूस ऑपरेशन करून घरी येतो.

अण्णांनाही ते कार्ड एकदा उपयोगी पडलं. गेल्या वर्षी पहाटे असेच ड्यूटीला निघाले आणि न्हाणीच्या उंबऱ्याशी पडले. खुब्याचं हाड मोडलं. कार्ड दाखवलं, मंजुरी आली, ऑपरेशन झालं, घरच्यांना बिल भरावं लागलं नाही. सांगताना काकूंनी डोळे पुसले. त्या दिवसांत त्यांना भीती होती ती पैशाचीच.

पण त्या सहा दिवसांत वॉर्डात काय चाललं होतं तेही त्यांनी सांगितलं. अण्णांना नवी जागा कळेना. सलाईनची सुई दोनदा ओढून काढली. ही गाडी वर्कशॉपला का लावली म्हणून शेजारच्या खाटेवरच्या माणसावर ओरडले. सिस्टरांनी सांगितलं, यांच्याजवळ चोवीस तास माणूस पाहिजे. मुलगा रजा टाकून आला. सहाव्या दिवशी घरी सोडलं. घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांची औषधं योजनेत बसतात. सोळाव्या दिवसापासून पुन्हा कॅलेंडरची मागची बाजू.

मला त्या उंबऱ्यापाशी थांबावंसं वाटतं. रात्री एक जागं माणूस असतं तर अण्णा कदाचित पडले नसते. योजनेने मोडलेल्या हाडाचे पैसे दिले. हाड मोडू नये म्हणून रात्री जागणाऱ्या माणसाचे पैसे देण्याची सोय तिच्यात नाही.

'पॅकेज कुठलं?'

असं का, ते समजून घ्यायला मी एका रुग्णालयातल्या योजनेच्या मदतकक्षाशी सकाळभर बसले. तिथे आरोग्यमित्र असतात. रेशनकार्ड, आधार बघणं, कागद चढवणं, मंजुरीचा पाठपुरावा करणं हे त्यांचं काम. माझ्यासमोर बसलेला आरोग्यमित्र तिशीतला, बोलायला मऊ. समोर रांग. "काय झालंय? ॲडमिट आहेत का?" हा त्याचा पहिला प्रश्न, प्रत्येकाला.

रांग सरल्यावर मी अण्णांची गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, पॅकेज कुठलं टाकू?" तो म्हणाला. "ॲडमिशन पाहिजे, डॉक्टरांचं निदान पाहिजे, उपचाराचा कोड पाहिजे. मग मी मंजुरीला पाठवतो. घरी सांभाळायचा कोड नाही."

त्याच्या या एका वाक्यात योजनेची सगळी रचना आहे. विमा घटनेवर चालतो. घटना सुरू होते, संपते. तिचे फोटो, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड असतं. तिला एक ठरलेली किंमत लावता येते. मोतीबिंदू, अँजिओप्लास्टी, खुब्याचा सांधा हे सगळं त्या साच्यात बसतं. डिमेन्शिया बसत नाही. तो सुरू कधी झाला ते घरच्यांनाही नक्की सांगता येत नाही, आणि तो पुढे आठ-दहा वर्षंसुद्धा चालतो. औषधांनी विसरणं थोडं लांबवता येतं, बरं करता येत नाही. या आजारात खरा उपचार म्हणजे जवळ असलेलं माणूस आणि त्या माणसाचे तास.

केंद्राच्या पॅकेजांच्या यादीत मानसिक आजार आहेत, मेंदूच्या बिघाडातून आलेले मानसिक विकारही आहेत. पण तेही रुग्णाला दाखल केलं तरच. दाखल करून घेण्याइतका त्रास झाला, रुग्ण फारच अस्वस्थ किंवा हिंसक झाला, तर काही दिवसांची सोय होते. आणि अनोळखी वॉर्डात नेलं की हा रुग्ण आणखी बिथरतो, हे आपण खुब्याच्या वेळी पाहिलंच. ज्याला घराबाहेर हलवू नये, त्याच्यासाठी मदत घराबाहेर ठेवलेली आहे.

निदानाची गोष्टही तशीच. विसरणं म्हणजे दर वेळी डिमेन्शिया नसतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, डोक्याला मार लागून हळूहळू साठलेलं रक्त, यांनीही माणूस विसरायला लागतो, आणि हे बरं होण्यासारखं असतं. त्यासाठी रक्ताच्या तपासण्या, मेंदूचा स्कॅन, डॉक्टरांचा अर्धा-पाऊण तास लागतो. अण्णांना डॉक्टरांनी घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितलं होतं. काकूंनी तो कागद जपून ठेवलाय. वर्तुळ नीट आहे. बाराही आकडे उजव्या बाजूला, गर्दीच्या गाडीत दाटीने उभे असल्यासारखे. डावी बाजू रिकामी. हे सगळं बाह्यरुग्ण विभागात होतं, आणि योजनेचं कार्ड तिथे चालत नाही. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं आहे, त्याचा आधार आहे. पण मेंदूचा तज्ज्ञ तालुक्याच्या गावी सरकारी रुग्णालयात सहसा भेटत नाही. अण्णांचा स्कॅन खासगीतच झाला, खिशातून.

म्हातारचळ

आजाराचं नाव घरात यायलाच दोन वर्षं गेली. तोवर शेजारपाजारचे 'म्हातारचळ' म्हणत होते. साठी बुद्धी नाठी, वयानं व्हायचंच. हा शब्द मला फार घातक वाटतो. एकदा तो उच्चारला की दवाखान्याची गरज संपते, आणि माणूस चेष्टेचा विषय होतो. अण्णा चौकात उभे राहून लोकांना "पुढं सरका, पुढं सरका" म्हणायचे तेव्हा पोरं हसायची. काकूंनी त्यांना एकट्यानं बाहेर सोडणं बंद केलं ते तेव्हापासून.

म्हातारचळ की आजार, हा प्रश्न कायद्याने मात्र केव्हाच सोडवला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराची व्याख्या करताना विचार, भावना यांच्याबरोबर स्मृतीच्या गंभीर बिघाडाचाही स्पष्ट उल्लेख आहे. शारीरिक आजाराला जसं विमा संरक्षण, तसंच मानसिक आजाराला द्यावं असंही त्याच कायद्यात आहे. आयकर कायद्यात डिमेन्शियाच्या उपचारखर्चावर वजावट आहे. अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचा तज्ज्ञाचा दाखला लागतो. काकूंच्या मुलाने ती चौकशी केली होती. त्याने नवी करप्रणाली घेतलेली, तिच्यात ही वजावट नाही. पण वजावट काय किंवा समान संरक्षण काय, शेवटी दोन्हींचा आधार दवाखान्याचं बिल. मावशींच्या १२ हजारांची पावती नसते. त्या दर महिन्याच्या एक तारखेला रोख पैसे घेतात आणि पदराला गाठ मारतात.

त्या मावशी शेजारच्या वाडीहून येतात. कुणी शिकवलेलं नाही, अण्णांनीच शिकवलं म्हणतात. सुरुवातीला अंघोळीला अण्णा त्यांच्यावर हात उगारायचे. मग मावशींना युक्ती सापडली. "चेकिंगला सायेब येणार हायती," असं सांगितलं की अण्णा गुमान अंघोळ करून भांग पाडून बसतात. हे कौशल्य आहे. त्याला कुठलंही प्रमाणपत्र नाही, आणि मावशींना स्वतःला ना रजा, ना पेन्शन, ना पाठदुखीचा इलाज.

फ्लेगे शिकणारी मुलगी

दुपारी गल्लीतलीच एक मुलगी आली, नर्सिंग झालेली. ती जर्मन शिकतेय. बी-टू पातळीची परीक्षा द्यायची आहे, मग तिकडे वृद्धांच्या सेवेतली नोकरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून गावोगावी जर्मनचं वारं आहे. ही मुलगी खासगी क्लासला जाते. अण्णांशी ती जर्मन बोलून बघते आणि अण्णा तिला "कुठं उतरणार?" म्हणून विचारतात.

तिने मला 'फ्लेगे' हा शब्द सांगितला. काळजी, शुश्रूषा. जर्मनीत त्याचा वेगळा विमा आहे, १९९५ पासून, आरोग्य विम्याच्या जोडीला. पगारातून सक्तीने कापला जातो, सध्या ३.६ टक्के, साधारण निम्मा मालकाचा. मूल नसलेल्यांकडून थोडा जास्त घेतात.

त्या विम्याची सुरुवातीची वीस वर्षं मला जास्त महत्त्वाची वाटतात, कारण तिथेही आपल्यासारखीच चूक झाली होती. तेव्हा मदत मिनिटांत मोजायचे. सर्वांत खालच्या पायरीवर यायलाही दिवसाला किमान ९० मिनिटं मदत लागली पाहिजे, आणि त्यातली निम्म्याहून जास्त अंघोळ, जेवण, चालणं यांसाठी. डिमेन्शियाचा माणूस चालतो, जेवतो, सदरा घालतो. फक्त तो पहाटे चारला उठून घालतो आणि रस्त्यावर जातो. असे लोक मोजणीतून निसटत राहिले. घरच्यांनी, डॉक्टरांनी वर्षानुवर्षं तक्रार केली, आणि जानेवारी २०१७ पासून मोजपट्टीच बदलली. आता तपासनीस घरी येतो आणि माणसाला स्वतःचं स्वतःला किती जमतं ते बघतो. ओळख पटते का, वेळेचं भान आहे का, धोका कळतो का. त्याच्या तक्त्यात रात्रीच्या अस्वस्थतेचाही प्रश्न आहे : कधीच नाही, क्वचित, आठवड्यातून अनेकदा, की रोज?

मी ते वाचून दाखवलं तेव्हा काकू म्हणाल्या, "रोज लिवा."

त्या उत्तरांना गुण मिळतात, गुणांवरून पाचपैकी एक श्रेणी. मधल्या तिसऱ्या श्रेणीच्या माणसाला घरचेच सांभाळत असतील तर २०२५ मध्ये महिन्याला ५९९ युरो रोख मिळतात. सांभाळणाऱ्या नातेवाइकाचा पेन्शनचा हप्ताही ठरावीक अटींवर विमा भरतो. म्हणजे रात्री जागणाऱ्या बाईच्या म्हातारपणाचीही तजवीज. तिथलं सगळं गोड आहे असं नाही. हा विमा खर्चाचा एक भागच उचलतो, वृद्धाश्रमात राहायचं तर घरच्यांना महिन्याला मोठी रक्कम पदरची घालावी लागते, आणि सांभाळायला माणसं मिळत नाहीत. म्हणून तर आपल्या गल्लीतली मुलगी तिकडे निघाली आहे.

ती जाईल, तिने जावं. चांगला पगार, सन्मानाची नोकरी. पण शेजारच्या अण्णांची काळजी घेण्याला इथे किंमत नाही आणि श्टुटगार्टच्या अण्णांची काळजी घेण्याला आहे, हा फरक त्या मुलीने केलेला नाही.

आशाताईंच्या फॉर्मवरचा प्रश्न

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न विचारला जाईल आणि तो रास्त आहे. देशात साठीपुढच्या लोकांत ७.४ टक्क्यांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासात आला; म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. २०३६ पर्यंत ती एक कोटी ६९ लाख होतील. बायकांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त. एवढ्यांना घरपोच सेवा देणं कुठल्याही सरकारला सोपं नाही. आरोग्यमित्राने दुसरी अडचण सांगितली : घरच्या काळजीचे खोटे दावे कसे ओळखणार? दवाखान्यातल्या दाव्यांतसुद्धा गैरप्रकार सापडतात.

पण घरी जाऊन बघणारं माणूस आपल्याकडे आहे. आशाताई. तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म त्या भरतात, तंबाखू, मधुमेह, रक्तदाब यांचा. त्यात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत. रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का? आणि त्याच्यापुढे : जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घरचा पत्ता विसरता का?

म्हणजे सरकार दारात येऊन हे विचारतं. अण्णांच्या बाबतीत उत्तर 'हो' असं लिहून गेलं. त्यावर डॉक्टरांना दाखवा असं सांगितलं जातं, आणि गोष्ट तिथे थांबते. त्या 'हो'ला काही जोडलेलं नाही. डिमेन्शियामुळे आलेलं अपंगत्व मोजण्याची भारतीय मोजपट्टीही आहे. प्रश्न आहे, मोजपट्टी आहे, आशाताई आहेत, पाच लाखांचं कार्ड आहे. त्या पाच लाखांतलाच एक छोटा वाटा, महिन्यातून आठ रात्रींच्या माणसासाठी, शिकवलेल्या मावशींच्या पगारासाठी, काकूंच्या एका आठवड्याच्या विश्रांतीसाठी का खुला करू नये? सगळं एकदम नको. एका जिल्ह्यात करून बघा. मला हे सरकारला हात जोडून सांगावंसं वाटतं.

काकूंना मी विचारलं, असे पैसे मिळाले तर आधी काय कराल?

"झोपीन," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी निघताना अण्णा ओट्यावर बसले होते. मांडीवर जुनी चामड्याची बॅग; कंडक्टरची, कडा झिजून पांढऱ्या झालेली. काकू तीत रोज थोडी चिल्लर ठेवतात. अण्णा नाणी काढतात, ढीग लावतात, मोजतात. मी शेजारी टेकले, तर त्यांनी वर्तमानपत्राची एक पट्टी नीट फाडून माझ्या हातात दिली.

"सुट्टे द्या."

माझ्याकडे दहाची नोट होती, ती दिली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली, बॅगेत घातली आणि पुन्हा मोजायला बसले.

मी फाटकापर्यंत पोहोचले, तशा काकू मागून लगबगीनं आल्या. मुठीत दहाची नोट.

"ही घ्या माघारी," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कॅश जास्तीची निघाली की त्यास्नी रातभर झोप न्हाई लागत."